बोलण्याची सनद

बारावीचा निकाल लागल्यापासून पेरण्या आटोपेपर्यंतचे जे दिवस असतात, त्या दिवसांत आमच्या चकलांब्याच्या पारावर जाऊन बसणाऱ्या मनुष्याला आपल्या मुलाने, पुतण्याने अथवा नातवाने पुढे काय शिकावे याविषयी किमान चार परस्परविरोधी सल्ले मिळाल्यावाचून उठता येत नाही. आणि हे सल्ले देणाऱ्यांपैकी निम्म्या मंडळींचे स्वतःचे शिक्षण सातवीच्या अलीकडेच कोठेतरी विसावा घेत थांबलेले असले, तरी त्यांच्या आत्मविश्वासास त्यामुळे यत्किंचितही बाध येत नाही, हे मी माझ्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात वारंवार अनुभवलेले आहे. चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, गोदावरीच्या दक्षिणेकडचे एक गाव. या गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. आणि ज्या गावाला सरकार स्वतंत्र ठाणे मंजूर करते, त्या गावच्या रहिवाशांच्या वाक्शक्तीविषयी सरकारदरबारी काय मत असावे, हे सांगणे नलगे.

अशा या गावात, अशा या दिवसांत, एका संध्याकाळी चहाच्या वेळी आमच्या पुतण्याने जाहीर केले, "मला स्पीचमधली डिग्री घ्यायचीय."

या वाक्याने घरात जी शांतता पसरली तिचे मर्म कळण्यासाठी पुतण्याचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. हा मुलगा जन्मतःच मितभाषी. शाळेत हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणण्याऐवजी तो हात वर करी, आणि गुरुजी मान खाली घालून हजेरी घेत असल्यामुळे, एकही दिवस शाळा न बुडवणाऱ्या या मुलाच्या गैरहजेरीबद्दल खुलासा मागणारी चिठ्ठी दर सत्राअखेरीस आमच्या घरी येई. दुकानात पाठवावे तर दुकानदारापुढे चिठ्ठी ठेवून तो उभा राही, आणि चिठ्ठी घरी विसरली असेल तर रिकाम्या पिशवीसह परत येई. अशा मुलाने चार शब्दांचे सबंध वाक्य कोणी न विचारता उच्चारावे, हीच घटना एवढी मोठी होती, की तिच्यातला आशय ध्यानात यायला मंडळींना काही क्षण लागले. माझ्या धाकट्या भावाने हातातली बशी खाली ठेवली. आमच्या आईने मात्र समाधानाने मान हलवली आणि ती म्हणाली, "बोलाय शिकायचंय व्हय? बरं झालं बाई. दीड वर्साचा असतानी ते राहूनच गेलं होतं."

आबा, म्हणजे आमचे वडील, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, यांनी "काय म्हणायलंय लेकरू?" असे विचारले; परंतु त्यांना कोणी उत्तर दिले नाही, कारण आबांना एखादी गोष्ट सांगणे म्हणजे ती वेशीपर्यंत सर्वांना सांगणे होय. आबांना ऐकू येत नाही, की ते ऐकून घेत नाहीत, हा आमच्या घरातला वीस वर्षांचा जुना दावा असून, आईच्या इजलासात त्याचा निकाल केव्हाच आबांच्या विरुद्ध लागून चुकलेला होता.

दुसऱ्या दिवशी ही वार्ता पारावर पोहोचली.

"बोलायची डिग्री?" पारावरच्या सर्वांत वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले. "आन् तिला पैसे पडतेत?"

"पडतेत की, नाना."

"मग ह्या हिशेबानं आपल्या गावाची सरकारकडं लई थकबाकी निघती."

हे म्हणणे वरकरणी थट्टेचे वाटले, तरी त्यात तथ्य नव्हते असे मला म्हणवत नाही. ज्याला विद्यापीठीय परिभाषेत 'संज्ञापन' म्हणतात, त्या विद्येवर आमच्या मुलखातली किती चुलाणी पेटतात याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. 'संज्ञापन' हा शब्द मी पारावर मोठ्या उत्साहाने उच्चारला होता. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग 'संज्ञापन व वृत्तपत्रविद्या' या नावानेच ओळखला जातो, हेही मी सांगितले. पण श्रोत्यांत एक सेवानिवृत्त तलाठी होते, आणि त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत ज्या कागदाला भ्यावे तो कागद 'ज्ञापन' या नावाचा असल्यामुळे, त्याला पुढे 'सं' लावल्याने तो अधिकच घातक होत असावा, असे त्यांचे मत पडले.

असो. बोलण्याचे प्रथम फळ म्हणजे पुढारीपण, याविषयी पारावर दुमत नव्हते. नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे आणि अंबाजोगाईत लहानाचे मोठे झालेले प्रमोद महाजन, ही आमच्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली वक्तृत्वाची दोन उदाहरणे जिथे प्रत्येकाच्या कानांत अद्याप घुमत आहेत, तिथे मुलाने बोलण्याची पदवी घ्यावी म्हणजे त्याने आमदारकीचा अर्ज भरावा, असा अर्थ निघणे स्वाभाविकच होते. मी तेथे एक उपप्रश्न उपस्थित केला. मुंडे वाणिज्य शाखेचे पदवीधर. ज्यांचे व्याख्यान ऐकण्यासाठी माणसे जेवण सोडून येत ते प्राचार्य शिवाजीराव भोसले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि हेच शिवाजीराव पुढे आमच्याच मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा ज्यांना बोलता येत होते त्यांच्यापाशी बोलण्याची पदवी नव्हती, आणि ज्यांच्यापाशी ती असेल त्यांना बोलता येईलच अशी हमी कोणते विद्यापीठ लिहून देते? या प्रश्नावर पार क्षणभर निरुत्तर झाला. नंतर नानांनी विचारले, "तू मास्तरकीची डिग्री घेतली व्हती. तुला शिकवता येत व्हतं का?" आणि तो विषय मी तेथेच सोडून दिला.

वक्तृत्वकलेशी माझा स्वतःचा संबंध एकदाच आला आणि तो तीन मिनिटांत संपला. विद्यार्थिदशेत एका स्पर्धेसाठी मी चुलत्याने लिहून दिलेले भाषण पाठ केले होते. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो" एवढा भाग मी खणखणीत आवाजात म्हटला, आणि त्यानंतर जे काही होते ते माझ्या स्मरणातून असे काही नाहीसे झाले, की ते आजतागायत परत आलेले नाही. मी पुन्हा "अध्यक्ष महाशय" म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा अध्यक्ष महाशयांनी उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. स्पर्धेत एकूण चार पारितोषिके आणि तीन स्पर्धक होते.

ग्रीकांचा डेमॉस्थेनीस तोंडात गारगोट्या धरून भाषणाचा सराव करीत असे म्हणतात. आमच्याकडे वयाच्या सोळाव्या वर्षापासून दाढेखाली तंबाखूची गोळी धरून माणूस दिवसभर बोलतो आणि तरी त्याचा एकही शब्द वाया जात नाही, त्यामुळे त्या ग्रीक गृहस्थाचे मोठेसे कौतुक आमच्या गावी होणे कठीण. बोलण्याचे शास्त्र स्वतंत्र करण्याचा मान मात्र अमेरिकेचा. १९१४ साली शिकागोत भाषणकलेचे सतरा शिक्षक, आपल्याला इंग्रजी शिकवणारे लोक नीट वागवत नाहीत एवढ्या कारणावरून, त्यांच्या परिषदेतून फुटून निघाले आणि त्यांनी आपली वेगळी संस्था काढली. आज त्या देशातल्या विद्यापीठांत या विषयाचे जे स्वतंत्र विभाग दिसतात त्यांची एक मुळी त्या वाटणीत आहे. हे मी पारावर सांगितले तेव्हा पहिल्यांदाच माझ्या माहितीला मान मिळाला. भाऊबंदकीतून निर्माण झालेली विद्या म्हणजे खरी विद्या, याविषयी सर्वांचे एकमत झाले.

परंतु अमेरिकेच्याही मानाने विशेष गोष्ट ही, की आमच्या महाराष्ट्रात बोलण्याचा चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम १९१७ पासून चालू आहे, आणि त्याला कोणी संज्ञापन म्हणत नाही. आळंदीला विष्णुबुवा जोगमहाराजांनी स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मुलगा जातो, माधुकरी मागतो, गीता, ज्ञानेश्वरी आणि गाथा यांचे पाठ घेतो, आणि चार वर्षांनी परत येतो तो नारदाच्या गादीवर उभा राहून दोन तास हजार माणसांना जागे ठेवण्याची विद्या घेऊनच. आमच्या बीड जिल्ह्यात या विद्येला जेवढी मागणी आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही पदवीला नसावी. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह. सात रात्रींची सात कीर्तने, आठव्या दिवशी काल्याचे. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंगाचार्य, मधोमध विणेकरी. नामांकित महाराजांची तारीख मिळवण्यासाठी गावकरी दोन-दोन वर्षे आधी जाऊन बसतात, आणि तारीख मिळाली म्हणजे मुलीचे लग्न जमल्यासारखे पेढे वाटतात. दक्षिणेच्या पाकिटाविषयी बोलू नये असा संकेत आहे, तेव्हा मी बोलत नाही. पार मात्र त्याविषयी पुष्कळ बोलला.

यानंतर आमच्या लग्नांतल्या सूत्रसंचालकाची पाळी आली, आणि येथे मला जरा थांबले पाहिजे, कारण महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या वाचकांना या व्यवसायाची व्याप्ती ठाऊक असण्याचा संभव नाही. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पत्रिकेवर बारा वाजून पस्तीस मिनिटांचा छापलेला असतो. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी वर पारावरच्या मारुतीच्या दर्शनाला निघालेला असतो. एक वाजता तो मांडवात येतो, अंतरपाट धरला जातो, अक्षता वाटून होतात, भटजी घसा खाकरतात, आणि नेमक्या त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून आवाज येतो, की पंचायत समितीचे माजी सभापती यांचे मांडवात आगमन झालेले असून ते वधूवरांस शुभाशीर्वाद देतील. सभापतींच्या मागे कारखान्याचे संचालक, संचालकांच्या मागे सोसायटीचे चेअरमन, आणि सर्वांच्या मागे 'भावी' या एकाच पदावर गेली पंधरा वर्षे कायम असलेले काही तरुण नेते. प्रत्येकाचे नाव, पद, गाव, गट आणि विशेषण हे सर्व सूत्रसंचालकाच्या जिभेवर असावे लागते. 'सन्माननीय' कोणाला, 'आदरणीय' कोणाला, आणि 'लोकनेते' हा शब्द एकाच मांडवात दोघांना वापरला तर दोघांपैकी आधी कोण उठून जाईल, याचे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिकेत नाही. माझ्या समोरचे उदाहरण आहे: एका लग्नात एका पाहुण्याचे नाव घ्यायचे राहिले, आणि त्यापुढच्या सुगीला वधूपित्याची बांधावरून जाणारी गाडीवाट बंद झाली. भर उन्हात अक्षता मुठीत धरून उभ्या असलेल्या आठशे माणसांना जो मनुष्य पाऊण तास बोलून जागच्या जागी उभे ठेवतो, त्याला सनद नाही म्हणून कमी लेखणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

जुन्या काळी ही कामे वाटलेली होती. दवंडी पिटण्याचे काम कोतवालाचे. लिहून बोलण्याचे काम अर्जनवीसाचे. माझे आजोबा निजामी अमदानीत गेवराईच्या तहसील कचेरीबाहेर सतरंजी टाकून अर्ज लिहीत असत. मनुष्य रडत-ओरडत आपली कैफियत मराठीत सांगे, आजोबा ती उर्दूत उतरवीत, आणि ज्याने भावाला उद्देशून "त्याचं तळपट होवो" म्हटले असेल, त्याच्या कागदावर "फिदवी निहायत अदबीने अर्ज करतो" असे उमटे. हैदराबादेचे उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देई. आजोबांनी ते विद्यापीठ लांबूनही पाहिले नव्हते, पण एका माणसाच्या पोटातले दुसऱ्या माणसाच्या टेबलापर्यंत पोचवावे कसे, हे त्यांना कळत होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभाराची भाषा पालटली, आजोबांची सतरंजी गुंडाळली गेली, आणि त्यानंतर आमच्या घराण्यात मोजके बोलणारा माणूस निपजला तो थेट हा पुतण्याच.

मुकादमाचे नाव पारावर निघाले तेव्हा हसणे आपोआप कमी झाले. दसरा-दिवाळी झाली, की आमच्या भागातले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून पश्चिमेकडच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर उसाला जातात; त्याआधी मुकादम दारोदार हिंडून उचल देतो, आणि व्यवहाराचा मोठा भाग तोंडी असतो. बोलण्यावर सबंध संसार सहा महिने उचलून नेता येतो, याचे इतके उघड प्रमाण दुसरे नाही. उलटपक्षी बैलबाजारात पाहावे, तर दलाल आणि गिऱ्हाईक एका उपरण्याखाली हात घालून केवळ बोटे दाबून सौदा ठरवतात, आणि चाळीस माणसांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बैलालाच काय, बैलाच्या मालकालाही आकडा कळत नाही. पुतण्याने हा व्यवसाय करावा असे माझ्या भावाचे मत पडले, कारण त्यात तोंड उघडावे लागत नाही.

एवढी चर्चा झाल्यावर प्रत्यक्ष चौकशी करणे हे काका या नात्याने माझे कर्तव्य होते. मी एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेत गेलो. नाव सांगत नाही. जिच्यावर 'चौकशी' असे लिहिले होते त्या खिडकीतल्या गृहस्थांनी माझा प्रश्न संपण्याच्या आधीच, मान वर न करता, बोटाने दुसरी खिडकी दाखवली. दुसऱ्या खिडकीने तिसरी दाखवली. तिसऱ्या खिडकीवर एक सूचना चिकटवलेली होती, तिच्यावर चौथ्या खिडकीचा क्रमांक होता, आणि चौथी खिडकी म्हणजे पहिलीच खिडकी होती. संज्ञापनाचे शिक्षण देणाऱ्या त्या इमारतीत अडीच तासांत मी एकही वाक्य ऐकले नाही. पुतण्या माझ्याबरोबर होता. त्याला हे वातावरण फार आवडलेले दिसले.

उलगडा झाला तो गेवराईच्या महा-ई-सेवा केंद्रात, ऐन अर्ज भरताना. यंत्रापुढच्या मुलाने अभ्यासक्रमाचे नाव विचारले, आणि पुतण्याने सवयीप्रमाणे खिशातून चिठ्ठी काढून पुढे ठेवली. चिठ्ठीवर होते: बॅचलर ऑफ ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. भाषणाचा त्यात मागमूस नव्हता. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची वाचा अडखळते, ज्यांचे बोलणे पक्षाघाताने गेले, त्यांच्यावर उपचार करण्याची ही विद्या. तीन वर्षे अभ्यास, एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, आणि शेवटी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी. माझ्या ओळखीच्या दोन कीर्तनकारांचा घसा बसून बसून कायमचा घोगरा झाला आहे. स्वररज्जूंवर धरणाऱ्या तसल्या गाठींवर आवाजाचे व्यायाम सांगणारा इसमही हाच, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. दहा दिवस सबंध गाव ज्या पदवीवर बोलत होते ती पदवी मुलाने कधी मागितलीच नव्हती, आणि तसे त्याने का सांगितले नाही, असे मी रागाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कुणी विचारलं नाही, काका."

परतीच्या बसमध्ये तो आणखी थोडे बोलला. आमच्या शेजारी एक मुलगी होती, तिला सगळा गाव 'मुकी' म्हणे. ती मुकी नव्हती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते, आणि जे मूल ऐकत नाही त्याला बोलणे येत नाही, एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात येईपर्यंत ती सहा वर्षांची झाली होती. लहानपणी दोघे तासन् तास अंगणात खेळत, हातवारे करीत. मला वाटे, पोर घुमे आहे.

पारावर मी शरमिंदा होऊन सगळा खुलासा केला. नानांनी तंबाखू मळता मळता शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजी मुक्याला बोलतं करणार?"

"होय."

"आपल्या गावाला त्याच्या उलट करणारा पाहिजे व्हता," नाना म्हणाले. "पण जाऊ दे त्याला. एवीतेवी आमदार व्हायचं राहिलंच."

पुतण्या सध्या मुंबईला, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तिसऱ्या वर्षाला आहे. ही संस्था १९८३ साली निघाली. अली यावर जंग हे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले गृहस्थ. उर्दूत अर्ज लिहिणाऱ्याच्या पणतवाला त्यांच्याच नावाच्या दारातून जावे लागले, याचे आबांना फार समाधान वाटते. निदान मी दोनदा ओरडून सांगितल्यावर वाटले.

गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला आणि आबांना घेऊन कान तपासून आला. सोबत एक आलेख आणला. आलेखाची रेघ डाव्या बाजूला बरी होती आणि उजवीकडे विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली होती. वय झाले म्हणजे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, असे त्याने आईला समजावून सांगितले. पुरुषांचा जाड आवाज पुष्कळ दिवस ऐकू येत राहतो, पण बायकांचा आणि लेकरांचा आवाज, त्यातही स, श, फ यांसारखी अक्षरे, कानात शिरतच नाहीत. म्हणजे पारावरून कोणी "चहा" म्हटले तर आबा उठून जातात, आणि आईने चुलीपाशी बसून सांगितलेले एकही काम त्यांना ऐकू येत नाही, हा वीस वर्षांचा मुख्य पुरावाच आबांच्या बाजूने फिरला. आईने तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग तिने पुतण्याला विचारले, "ह्यावर तुझी सही हाय का डाक्टरची?"

आबांना श्रवणयंत्र मिळाले. पहिल्या दिवशी ते कानात घालून ते सबंध दुपार आईजवळ बसले, आणि वीस वर्षांची थकबाकी त्यांनी एका बैठकीत ऐकून घेतली. आता सप्ताहाचे आठ दिवस ते यंत्र आबांच्या कानात असते. एरवी ते कोनाड्यात, चुन्याच्या डबीशेजारी असते.